दूध नाही, दाणे नाहीत. मग बाळाला काय?

नातवाचं उष्टावण सातव्या महिन्यात केलं. मामाच्या मांडीवर बसवलं आणि चांदीच्या चमच्यानं तांदळाच्या खिरीचे दोन घास दिले. दहा मिनिटांत ओठांभोवती लाल चट्टे उठले. मग कानाच्या पाळ्या सुजल्या, पोटावर आणि मांड्यांवर गांध्या आल्या. अर्ध्या तासात खीर सगळी बाहेर आली. घरात पाहुण्यांची गर्दी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोऱ्याले नजर लागनी वं माय." मीठ-मोहरी ओवाळून झाली. कुणी तरी आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं. दोन तासांनी चट्टे उतरले, बाळ खेळायला लागलं आणि आम्हीही ते मनावर घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी दहीभाताचा एक घास दिला, आणि पुन्हा तेच झालं.

मी चोपडा तालुक्यात तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली, तिच्यातल्या हजारो बायांपैकी मी एक. मुलांची वजनं घ्यायची, दंडाला फीत लावायची, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड भरला की काळजीनं वहीत लाल खूण करायची आणि आईला सांगायचं, की बाई, पोराला दूध दे, शेंगदाणा-गुळाचा लाडू दे. हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं, की झोपेत उठवलं तरी सांगितलं असतं. आणि माझ्याच घरात असा मुलगा आला, ज्याला या दोन्ही गोष्टींनी इजा होते.

आता तो अडीच वर्षांचा आहे. त्याचं वजन वयाप्रमाणे बरोबर आहे. तो पळतो, भांडतो, भाकरी मागून खातो. दूध आणि दाणे यांच्यावाचून खान्देशातल्या साध्या स्वयंपाकघरात लेकरू कसं वाढवता येतं, हे मी सूनबाईबरोबर शिकले. ज्या घरात असं मूल आहे आणि आई रोज सकाळी चुलीपुढे "आज याला काय देऊ" म्हणून उभी राहते, त्या घरासाठी हे लिहिते आहे.

पित्त, अपचन आणि ॲलर्जी

आमच्याकडे अंगावर गांध्या उठल्या, की त्याला पित्त उठलं म्हणतात. दूध पिऊन पोट बिघडलं, तर दूध पचत नाही म्हणतात. या दोन्ही समजुतींमुळे आमचे दोन महिने वाया गेले. एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं, "गाईचं पचत नसेल, शेळीचं देऊन बघा." ते दिलं असतं तर तेच झालं असतं. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांसारखीच असतात. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीच्या दुधानंही त्रास होतो.

दूध न पचणं वेगळं. दुधातली साखर पचवणारा रस आतड्यात कमी पडतो, पोट फुगतं, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. ॲलर्जीत साखरेचा संबंध नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणा दुधातल्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध एक प्रतिपिंड तयार करून ठेवते. ते प्रथिन पुन्हा पोटात गेलं, की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगभर धावपळ होते. त्वचेवर गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, कधी श्वासनळीच आवळते. काही मुलांत ॲलर्जी अशी लगेच दिसत नाही. शौचातून रक्त येतं, उलट्या उशिरा होतात, वजन वाढत नाही. तो प्रकार ओळखायला अधिक अवघड असतो आणि तिथे बालरोगतज्ज्ञच लागतो.

'ॲलर्जी' हा शब्दच १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं तयार केला. ज्या प्रतिपिंडामुळे लगेच दिसणारी ॲलर्जी होते, त्या आयजीईचा शोध १९६६मध्ये इशिझाका या जपानी दांपत्यानं अमेरिकेत लावला. म्हणजे माझ्या आजीच्या काळात नेमकं कारण सांगणारं कुणी नव्हतंच. तिनं मीठ-मोहरी ओवाळली, यात तिचा दोष नाही. आज मात्र कारण कळतं, तपासणी होते, उपायही आहे.

तपासणीचा अर्थ

शेवटी जळगावला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सुई हातात घेण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी काय दिसलं, पुन्हा दिलं तेव्हा तसंच झालं का? सूनबाईला तेव्हा आठवलं, की शेंगदाण्याच्या चटणीचं बोट बाळानं एकदा चाटलं होतं आणि तोंडाभोवती लाल झालं होतं. मग हातावर थेंब ठेवून टोचण्याची चाचणी झाली. दूध आणि शेंगदाणा, दोन्ही निघाले. गहू, अंडं, तीळ, हरभरा यांत काही आढळलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. रक्ताची मोठी तपासणी करून पंचवीस-तीस पदार्थांचा कागद हातात घ्यायचा आणि त्यात खूण असलेलं सगळं ताटातून काढून टाकायचं, असं कुणी करू नये. बंगळूर आणि म्हैसूर इथल्या प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत रक्ततपासणीत कोणत्या ना कोणत्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड सापडणारे लोक शंभरात सव्वीस होते. खरी अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र शंभरात जेमतेम एकाला होती. म्हणजे कागदावरची खूण आणि अंगावरची गांधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाल्ल्यावर काय होतं, त्याची हकिकत आणि तपासणी, दोन्ही जुळली तरच पदार्थ बंद करायचा. नाही तर वाढत्या मुलाला आपणच उपाशी ठेवतो. अंगणवाडीत मी लाल खुणा केलेल्या मुलांपैकी काहींना घरच्यांनीच "हे बाधतं, ते बाधतं" म्हणून निम्मं अन्न बंद केलेलं होतं.

आणि उलटही झालं असेल. दुधाची वाटी तोंडाशी नेली की मान फिरवणारी, ओकणारी मुलं मी पाहिली आहेत. वहीत "खात नाही" असा शेरा लिहून मी पुढे गेले. त्यांतल्या कुणाला खरोखर काय होत होतं, ते आता कळणार नाही. म्हणून आजच्या सेविकांना माझी विनंती आहे, की "खात नाही" लिहिण्याआधी आईला विचारा, खाल्ल्यावर काय होतं.

लग्नातला लाडू

तपासणी झाली, घरातल्या सगळ्यांना सांगून झालं. तरी तो चौदा महिन्यांचा असताना एका लग्नात घडायचं ते घडलं. पंगत बसली होती. नात्यातल्या एका बाईनं प्रेमानं त्याच्या तोंडात शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा घातला. बोराएवढासुद्धा नव्हता. पाच मिनिटांत तो खोकायला लागला. आवाज घोगरा झाला. उलटी झाली आणि मग तो माझ्या खांद्यावर अगदी ढिला पडला. मुलगा गाडी काढेपर्यंत गेलेली ती दोन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.

दवाखान्यात मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं आणि पाच-सात मिनिटांत लेकराचा श्वास मोकळा झाला. तरीही डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, कारण असा झटका काही तासांनी परत येऊ शकतो.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक कागद भिंतीवर लावला आहे. अंगावर नुसत्या गांध्या असतील, तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲलर्जीचं औषध द्यायचं आणि लक्ष ठेवायचं. पण आवाज घोगरा होणं, सतत खोकला, धाप, शीळ घातल्यासारखा श्वास, जीभ सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी, मूल पांढरं किंवा सुस्त पडणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. मुलाला आडवं ठेवायचं, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसतं धरायचं, पण उभं करायचं नाही. १०८ला फोन लावायचा किंवा मिळेल त्या वाहनानं जवळच्या दवाखान्यात न्यायचं आणि पोचताच म्हणायचं, "अन्नाची ॲलर्जी आहे, ॲड्रिनलिन द्या." या झटक्यावर पहिलं औषध तेच. ॲलर्जीचं सिरप त्याची जागा घेत नाही. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन खिशात ठेवतात, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. आमच्या डॉक्टरांनी ॲड्रिनलिनची कुपी आणि सिरिंज लिहून दिली, वजनाप्रमाणे मात्रा आखून दिली आणि ते टोचायला मुलाला आणि सुनेला समोर बसवून शिकवलं. ज्या मुलाला एकदा असा झटका आला आहे, त्याच्या आईबापांनी डॉक्टरांकडे हे मागून घ्यावं.

चौदा महिन्यांनंतरचं आमचं स्वयंपाकघर

खान्देशात शेंगदाणा कुठे नाही, हे शोधावं लागतं. भाजीत कूट, ठेच्यात दाणे, भरतात दाणे, उपासाला दाणे, आणि तेलही बहुतेक दाण्याचं. भरपूर शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. पण आमच्या घरी घाणीचं तेल येत होतं, आणि घाणीच्या तेलात दाण्याचं प्रथिन राहतं. सगळ्यात आधी तो डबा गेला. आता सूर्यफुलाचं किंवा करडईचं तेल वापरतो. दाण्याच्या कुटाचं मिक्सरचं भांडंही बदललं, कारण पात्याखालच्या फटीत कूट अडकून राहतो. घरात दाणे आणायचेच नाहीत, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. माझ्या मालकांना ठेच्यात दाणे लागायचे. त्यांनी ते आपणहून सोडले.

रश्श्याला दाटपणा आणायला दाण्याचा कूट लागतोच असं नाही. आपल्याकडे कांदा-खोबरं काळं भाजून वाटतातच, तेच थोडं जास्त घ्यावं. कोरड्या भाजीत कुटाऐवजी डाळ्या भाजून केलेला कूट छान लागतो. मला आधी भीती होती, की शेंगदाणा हीसुद्धा एक डाळच, मग तूर, मूग, हरभराही बंद करायचे का? डॉक्टर म्हणाले, तो वरण रोज खातो आणि त्याला काही होत नाही ना, मग चालू ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बाकीच्या डाळी चालतात. आपल्या देशात हरभऱ्याची ॲलर्जी असलेली माणसंही आहेत, म्हणून प्रत्येक मुलाचं वेगळं बघावं. पण भीतीपोटी डाळी काढून टाकल्या, तर शाकाहारी मुलाला प्रथिनं देणार कशातून?

आता त्याच्या दिवसाचं ताट सांगते.

सकाळी नागलीची, म्हणजे नाचणीची पेज. नागली भिजवून, मोड आणून, वाळवून दळून ठेवतो. दोन मोठे चमचे पीठ पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मंद आचेवर दहा मिनिटं शिजवायचं, थोडा गूळ, वेलची आणि शेवटी एक पिकलं केळं कुस्करून. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या तालुक्यात तर केळीच्या बागा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. केळं स्वस्त, मऊ आणि गोड, आणि पेजेत दुधाची आठवणसुद्धा येऊ देत नाही. पेजेत चमचाभर तेल घालतो, कारण दूध गेलं की स्निग्धही कमी होतं आणि लहान मुलाला ते लागतं.

दहा-साडेदहाला अर्धं उकडलेलं अंडं. अंगणवाडीच्या अमृत आहार योजनेत २०१६पासून आदिवासी भागातल्या मुलांना अंडी किंवा केळी देतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांत मी ती स्वतः वाटली आहेत आणि मुलं कशी मागून खातात ते पाहिलं आहे. ज्या घरात अंडं चालत नाही, तिथे मुगाच्या डाळीचं धिरडं द्यावं. डाळ चार तास भिजवून आल्याबरोबर वाटायची, बारीक चिरलेली पालेभाजी घालायची आणि तव्यावर छोटी धिरडी टाकायची.

दुपारी कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ. हे आमच्या भागाचं खरं जेवण. चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद आणि मीठ एकत्र दळलं, की कळणा झाला. धान्य आणि डाळ एका भाकरीत आल्यामुळे एकात कमी पडणारं प्रथिन दुसऱ्यानं भरून निघतं. त्याच्यासाठी भाकरी गरम असतानाच चुरायची, त्यावर पातळ डाळ ओतायची आणि दहा मिनिटं मुरू द्यायची. चमच्यानं अलगद खाता येते. वर लिंबाचे चार थेंब. लोह अंगी लागायला आंबट लागतं.

संध्याकाळी चारला डाळ्यांचा लाडू. शेंगदाण्याच्या लाडवाच्या जागी मी हा बसवला, आणि खरं सांगते, घरातली मोठी माणसंही आता हाच मागतात. दोन वाट्या डाळ्यांचं पीठ, पाऊण वाटी भाजून बारीक केलेलं सुकं खोबरं, वाटीभर किसलेला गूळ, दोन चमचे भाजून कुटलेले तीळ आणि वळता येईल एवढं कोमट खोबरेल तेल. तूप घालायचं नाही. तुपात दुधाचं प्रथिन अगदी थोडं असतं, पण ज्याला दुधानं झटका येऊ शकतो, त्याला तेवढंही नको. लाडू मऊ, हातानं फुटणारा वळायचा. फुटाणे, अख्खे दाणे, लाह्या हे पाच वर्षांखालच्या मुलाला ॲलर्जी असो वा नसो, तसेच देऊ नयेत, घशात अडकतात. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ करून गुळाच्या पाण्यात कालवलं तर चालतं.

रात्री कधी मुगाची खिचडी, कधी पिठलं, आणि आठवड्यातून दोनदा फुनके. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची. लसूण, जिरं, कोथिंबीर, हळद आणि किसलेला दुधीभोपळा घालायचा. मुटके वळून वाफवायचे. मोठ्यांच्या फुनक्यांबरोबर कढी असते, त्याच्यासाठी चिंचेची पातळ आमटी. भरीत करतो तेव्हा मिरची आणि दाणे न घालता त्याचा वाटा आधी काढून ठेवतो. भाजलेलं वांगं, लसूण, मीठ आणि गरम तेल एवढ्यावर तो भाकरी संपवतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो. पहिल्या वर्षी सूनबाईचा चेहरा उतरला होता, की सणालाही माझ्या लेकराला वेगळं ताट. मी म्हटलं, पुरणात हरभऱ्याची डाळ आणि गूळ, पोळीत गहू, रसात आंबा. यांत दूध आहे कुठे? आमच्या घरात रसात दूध घालायची सवय होती, ती सोडली. पोळी त्याला तेल लावून दिली. तो सगळ्यांच्या पंगतीत, सगळ्यांसारखं ताट घेऊन बसला.

दुधाची जागा कोण भरणार?

हा भाग आया बऱ्याचदा सोडून देतात, म्हणून थोडा हिशेब मांडते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे दोन-अडीच कप दुधात काम भागतं. दूध बंद झालं, की हा सगळा आकडा दुसरीकडून भरायचा असतो. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. पण दोन वर्षांचं मूल एका वेळी तीस-चाळीस ग्रॅमच पीठ खातं. साल न काढलेल्या तिळात १०० ग्रॅमला हजाराच्या वर आहे, पण खातो आपण दोन चमचे. शेवग्याचा पाला चांगला, राजगिरा चांगला. हे सगळं मिळूनही रोज पाचशेचा आकडा गाठणं कठीण. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं औषध लिहून दिलं, आणि ते आम्ही न चुकता देतो. घरचं अन्न उत्तम आहे, पण त्याच्यावर एवढाही भार टाकू नये, की मुलाची हाडं कच्ची राहतील.

नारळाच्या दुधाला चव आहे, प्रथिन आणि कॅल्शियम मात्र फार थोडं. ते गाईच्या दुधाऐवजी पाजायला पुरत नाही. सोयाचं कॅल्शियम घातलेलं पेय काही मुलांना चालतं, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही बाधतं, म्हणून विचारूनच. वर्षाच्या आतलं बाळ असेल, तर आईचं दूध चालू ठेवावं. आईच्या दुधातून बाळाला त्रास होत असेल तर आईनं दूध-दही काही काळ सोडावं लागतं, आणि मग आईच्या कॅल्शियमचीही काळजी घ्यावी लागते. वरचं दूध लागणाऱ्या बाळासाठी प्रथिनं तोडून तयार केलेली खास पावडर मिळते. ती महाग आहे आणि डॉक्टरांनीच ठरवावी.

पुडा वाचायला शिकलो

बिस्किटाच्या पुड्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरं असतात. २०२०च्या अन्न लेबल नियमांनुसार दूध, अंडी, शेंगदाणे, इतर कवचफळं, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं, मासे आणि कोळंबी-खेकड्यांसारखे प्राणी यांतलं काही पदार्थात असेल तर ते वेगळं छापावं लागतं. सूनबाई पुडा हातात घेतला की आधी तेच वाचते. दूध म्हणून लिहिलेलं नसलं, तरी मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन हे शब्द दिसले की पुडा परत ठेवायचा. तीळ मात्र आपल्या सक्तीच्या यादीत नाही; अमेरिकेनं तो २०२३पासून सक्तीचा केला. तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरानं म्हणून संपूर्ण घटकयादी वाचली पाहिजे.

सुट्या फरसाणाला लेबल नसतं. शेव, चिवडा, तळलेले दाणे एकाच कढईत निघतात, मिठाईच्या दुकानात एकच झारा सगळ्या परातींत फिरतो. ते आम्ही घरात आणत नाही. दाणे खाल्लेल्या हातानं बाळाला घ्यायचं असेल तर साबणानं हात धुवायचे. नुसतं पाणी किंवा सॅनिटायझर पुरत नाही.

सगळ्याच बाळांचे दाणे बंद करू नका

नातवाची हकिकत ऐकून शेजारची एक सून म्हणाली, "काकू, मग मी माझ्या बाळाला दोन-तीन वर्षं दाणे देतच नाही." मी तिला थांबवलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २००० साली असाच सल्ला दिला होता, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८मध्ये तो मागे घेतला. मग २०१५ साली लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटानं धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून ज्यांना नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला ॲलर्जी शंभरात तिघांना निघाली. ज्यांना टाळला, त्यांच्यात शंभरात सतरा जणांना.

म्हणून सुदृढ बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करताना वरणभाताबरोबर अगदी बारीक कूट, पातळ करून, थोडा थोडा द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा कधीच नाही. बाळाच्या अंगावर खूप खाज, जुनाट इसब असेल किंवा एखादी ॲलर्जी आधीच असेल, तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

ॲलर्जी जन्माला पुरतेच असंही नाही. दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांची शाळेत जाण्याच्या वयापर्यंत सुटते. शेंगदाण्याची पाचांत एखाद्याचीच. पण सुटली का, हे घरी घास देऊन बघायचं नाही. गेल्या महिन्यात आमच्या डॉक्टरांनी दवाखान्यात, औषधं हाताशी ठेवून, दूध घालून भाजलेल्या केकचा कण, मग तुकडा, मग मोठा तुकडा असं काही तासांत दिलं. भट्टीत खूप वेळ भाजलेलं दूध काही मुलांना आधी सोसतं. त्याला सोसलं. सूनबाई तिथेच रडली. आता तसा केक त्याला ठरल्या मापानं घरी देतो. साधं दूध अजून नाही, दाणे तर नाहीतच.

येत्या लग्नसराईत आम्ही पुन्हा त्याला घेऊन जाणार आहोत. सूनबाई त्याचा डबा, औषधाची पिशवी आणि तो भिंतीवरचा कागद बरोबर घेईल. तुमच्या पंगतीत असं एखादं लेकरू येईल, तेव्हा तुम्ही त्याला उचलून घ्या, त्याच्याशी खेळा, त्याचे लाड करा. पण त्याच्या तोंडात काहीही घालण्याआधी त्याच्या आईला विचारा.